लाल गाडीची दुखणी

काकांनी फोनवर गाडी विकणाऱ्या डॉक्टरांना एकच विनंती केली होती, तीही अडखळत: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन गोड बोलतं, खरं काय ते थंड असतानाच कळतं, असं त्यांनी वाचलं होतं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. चुका हुडकायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. तरुणपणापासून मनात घर करून बसलेली ती बुटकी, दोन माणसांची, वेगवान गाडी आता जुनी होऊन आवाक्यात आली होती. तेव्हापासून त्यांनी कितीतरी पाहिल्या आणि प्रत्येकीत काहीतरी खोट काढून हात हलवत परतले. काकू त्यांना लाडाने शंकासुर म्हणत. या खेपेला त्या स्वतःच बरोबर निघाल्या. आज घेतली नाहीत तर यापुढे घरात गाडीचा विषय काढायचा नाही, एवढंच त्यांनी बसमध्ये बजावलं.

डॉक्टर दातांचे होते. गॅरेजचं शटर वर करत त्यांनी गाडी विकायचं कारण आपणहून सांगितलं. गुडघे गेले होते. ‘‘आत बसणं माझ्या हातात आहे,’’ ते म्हणाले, ‘‘बाहेर निघणं सुनेच्या.’’

गाडी लाल होती. रंग जरा उन्हाने विटलेला, पण नाक अजून वर. काकांनी बॉनेटवर तळहात टेकवला. गार. शब्दाला जागणारा माणूस दिसला म्हणून त्यांना बरं वाटलं.

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. आधी चमच्यांचा डबा हलवावा तसा खळखळाट झाला, मग मागून निळसर धुराचा एक लोट निघाला, आणि मग इंजिन स्थिरावून घुमू लागलं. तो घुमणारा आवाज काकांच्या छातीत शिरला. पण काका एरवी कितीही बुजरे असले तरी चूक सापडली की त्यांची जीभ सुटायची. खळखळ टायमिंग चेनची, त्यांनी सांगितलं. तिला ताणून धरणारा भाग ढिला झालाय. अशीच चालवली तर एखाद दिवशी साखळी दात सोडेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या सांध्यात तेलाची ओल आहे, म्हणजे तिथलं गॅसकेट गेलं. उभ्या गाडीत तापमानाचा काटा वर चढतोय, म्हणजे पंखा उशिरा लागतोय. टॉर्चचा झोत पाडून त्यांनी एकेक जागा दाखवली.

डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.

‘‘मला यातलं काही ठाऊक नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘किडलेला दात वरून पांढरा करून मी कधी कुणाला घरी पाठवलं नाही. ही गाडी मी तुम्हाला देणार नाही.’’

आजवर नाही म्हणायचं काम काकांचं होतं. दुसऱ्याने नाही म्हटल्यावर काय होतं, ते त्यांना आत्ता कळलं. त्यांना ती गाडी हवी होती.

‘‘तसं नव्हे हो,’’ ते घाईने म्हणाले. ‘‘धूर फक्त सुरू करतानाचा आहे. चालताना आला असता तर गोष्ट वेगळी.’’ त्यांनी ऑईलचं झाकण उघडून डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. आत पांढरट साय नव्हती, म्हणजे ऑईलमध्ये पाणी शिरलेलं नाही, मुख्य गॅसकेट शाबूत. खळखळही ऑईल वर चढताच थांबली. ‘‘ही म्हातारपणाची दुखणी आहेत. सकाळी पलंगावरून उठताना मीही असाच वाजतो.’’

काकू कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून सगळा तमाशा बघत होत्या. ‘‘आणि चहा मिळेपर्यंत धूरही सोडतात,’’ त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले, पण खिशातला हात बाहेर येईना. मघाशी तुम्हीच व्हॉल्व्ह आपटतील म्हणालात, त्यांनी आठवण करून दिली.

‘‘साखळीचं काम केलं नाही तर. मी ते करून घेणार आहे.’’

हे वाक्य आपण बोललो यावर काकांचाच विश्वास बसेना. त्यात ‘बहुधा’ नव्हतं, ‘बघू’ नव्हतं. काकू खोक्यावरून उठल्या.

‘‘डॉक्टर, ह्यांनी लग्नालासुद्धा ‘विचार करून कळवतो’ म्हटलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता मागे फिरायच्या आत किल्ली द्या.’’

डॉक्टरांनी किल्ली दिली, पण पथ्य सांगूनच: सरळ मेकॅनिककडे जायचं आणि साखळी बदलेपर्यंत दामटायची नाही. काकांनी आज्ञाधारक पेशंटसारखी मान डोलावली. कागदांवर सह्या झाल्या.

भर दुपारी लाल गाडी रस्त्याला लागली. काटा चढू नये म्हणून काकांनी हीटर पूर्ण सोडला होता. इंजिनाची उष्णता अशी आत ओढून घेता येते, हेही त्यांनी वाचलं होतं. काचा खाली, दोघं घामाने निथळत होते. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून पुढे गेला आणि वळून वळून बघत राहिला. काकांची नजर सारखी काट्याकडे जाते हे बघून काकूंनी ते काम स्वतःकडे घेतलं.

‘‘मध्यावर आहे,’’ त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, ‘‘अजून मध्यावरच आहे. तुम्ही समोर बघा.’’

काकांनी समोर बघितलं, आणि ॲक्सिलरेटर किंचित, अगदी किंचित, आणखी दाबला.