तळाची जमीन

आमची जमीन उताराच्या अगदी तळाशी. वरच्या सगळ्या शेतांतलं पाणी गाळ घेऊन आमच्याकडेच उतरतं. सासरे म्हणायचे, लोक राबतात आणि माती आपल्याला मिळते. तो तोरा मी जन्मभर मिरवला. सुनेचं माहेर वर माळावर. तिथे गवतसुद्धा उगवायला लाजतं. म्हणून तिला मी तोंडावर ‘दगडांची लेक’ म्हणायचे.

तिच्या डोक्यात सेंद्रिय शेतीचं आलं तेव्हा म्हटलं, करा, अशी जमीन तुम्हाला शोधून मिळायची नाही. तिनं आणि माझ्या लेकानं औषधं बंद केली, रासायनिक खत बंद केलं. शेणखताच्या पाट्या वाहून दोघांचे खांदे सोलले. काही वर्षं अशीच काढली. मग तपासणीला एक बाई आली. सर्टिफिकेट मिळालं तरच मालाला चांगलं गिऱ्हाईक. बाईनं पिकाकडे कमी आणि वरून पाणी आणणाऱ्या चराकडे जास्त पाहिलं.

“आजी, हे पाणी कुठून येतं?”

“वरून. सगळ्यांचं आमच्याकडेच येतं,” मी मान ताठ करून सांगितलं.

“मग सगळ्यांची औषधंही येतात. वरची फवारणी थांबल्याशिवाय जमायचं नाही.”

सून रडली नाही. तेच मला लागलं. चपला घातल्या आणि दिराकडे गेले. त्याचं शेत आमच्या लगेच वर. बांधावरून वाजल्यापासून मी त्याची पायरी चढले नव्हते.

“वहिनी! वाट चुकलात का?”

“वाटा तू चुकतोस, मी नाही. तुझी फवारणी बंद कर.”

त्यानं खुर्ची पुढे केली. “तुमच्यासाठी करीनही. पण माझ्या वरचा? त्याच्याही वरचा? माझ्यावर हुकूम चालवाल वहिनी, उतारावर कसा चालवणार?”

खुर्चीवर न टेकताच मी परत फिरले.

शेवटी लेक आणि सून माळावर राहायला निघाले. सुनेच्या भावाच्या शेताशेजारची पडीक जमीन त्यांनी कसायला घेतली. त्या जमिनीच्या वर फक्त आभाळ. आणि आजूबाजूला औषध मारणारं कोणीच नाही, कारण त्या मातीत औषधाचा खर्च कधी निघालाच नाही.

जाताना सून म्हणाली, “आई, तुम्हीही चला.”

“दगड चावायला? दात कुठे राहिलेत?”

ती हसली. आणखी एकदा म्हणाली असती तर गेले असते. पण माझा नकार एकदा आला की विषय संपतो, हे मीच तिला शिकवलं होतं.

खाली आमच्या शेतात त्यांनी लावलेले टोमॅटो अजून उभे होते. दीर बांधावर आला. “वहिनी, तुमच्यातली कीड माझ्यात येतेय. माझ्याकडे फवारणीचा पंपवाला आलाय, तुमच्यातही मारून घेऊ?”

“मागच्या दोन ओळी सोडायला सांग,” मी म्हटलं.

“दोन ओळी सोडून काय होणार?”

काहीच होणार नव्हतं. मलाही कळत होतं.

“मार मग,” म्हटलं, आणि बांधावरून बाजूला झाले.