झाकण बंद करून

चाचणी विभागात तिला सगळे ‘सासूबाई’ म्हणत. प्रोसेसर कितीही गुणी असो, ही त्यात खोट काढणारच. पण या वेळी टेबलावर आलेला प्रोसेसर तिच्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे सासूबाईंचाच जीव टांगणीला लागला होता. त्याच्यापायी नवऱ्यानं सुट्ट्या बुडवल्या होत्या, लेकीच्या आजारपणात नुसती फोनवरून चौकशी केली होती. हा नापास झाला तर नवरा खचेल, याची तिला धास्ती होती.

अहवाल जाईपर्यंत बनवणाऱ्यांनी चाचणीवाल्यांशी प्रोसेसरबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा कंपनीचा दंडक. दोघं तो घरीही पाळत. जेवताना भाजीबद्दल बोलत, नाहीतर शेजाऱ्यांबद्दल.

प्रोसेसर भलताच हुशार निघाला. वेगात जुन्याला पार मागे टाकलं, वीजही बेतानंच खाल्ली. तिचा चेहरा खुलला. मग तिनं एकदाचं संगणकाच्या पेटीचं झाकण लावलं. चाचणीवाले एरवी ते उघडंच ठेवतात, सारखं काढ-घाल कोण करणार? पण लोकांच्या घरी ते बंद असतं. थोड्याच वेळात प्रोसेसर तापला आणि वेग निम्म्यावर आला.

तिनं आधी स्वतःलाच धारेवर धरलं. पंखा बदलला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नव्यानं लावली, दुसरा नमुना बसवून पाहिला. पुन्हा तेच.

“उघड्या झाकणाचे आकडे खरेच आहेत की,” शेजारचा सहकारी हळूच म्हणाला. “तेवढेच लिही. बंद झाकणाचे आपण कधी लिहितो?”

बोलला ते खोटं नव्हतं. तिला मोह झाला, चांगलाच झाला. मग तिनं हात न आखडता सगळे गुण लिहिले आणि खाली लिहिलं: बंद पेटीत वेग निम्मा होतो, असा बाजारात पाठवू नये. अहवाल पाठवून तिनं संगणक बंद केला.

संध्याकाळी घरी नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता.

“अहवाल वाचला,” तो म्हणाला.

“रागावलास?”

“मी साहेबांना कानीकपाळी ओरडून सांगत होतो, तापतोय म्हणून. ते म्हणे, उघड्यावर तर छान चालतो. शेवटी हट्टच धरला, सासूबाईंकडेच पाठवा.”

तिला हायसं वाटलं, पण त्याआधी संताप आला. “म्हणजे तुला माहीत होतं! आणि मी इथे झुरत बसले!”

“सांगता येत नव्हतं गं.”

ती त्याच्या समोर बसली. “आणि मी ते लिहिलंच नसतं तर?”

त्यानं हातातला टॉवेल खाली ठेवला.

“तर तुला दिसलं नाही, की दिसूनही लिहिलं नाहीस, हे मी तुला कधीच विचारलं नसतं,” तो म्हणाला. “पण जन्मभर मनात राहिलं असतं.”