रिकामी केवळाबाई

"काय काम करता, मावशी?" आरतीनं विचारलं, तशी केवळाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"काई न्हाई. रिकामीच हाय."

हिमायतनगरच्या पुढं, रानाला लागून कोलाम आदिवासींची ही वस्ती, त्यांच्या बोलीत पोड. बांबूच्या टोपल्या विणण्यात केवळाबाईचा हात धरणारं इथं कुणी नव्हतं. पण गेल्या साली एक गोडबोल्या माणूस असंच विचारून गेला आणि त्याच्या पाठोपाठ जंगलखात्याचा गार्ड आला. बांबू उचलला, वर कोयताही नेला. उसनवारीनं घेतलेला नवा कोयता आता गवताखाली दडवलेला होता. तो गेला की चूल बंद.

आरती लातूरकडची. क्लास लावून शिकलेली पोरगी, कुणाला काय रोजगार आहे ते मोजायला आलेली. "खरं सांगा," ती म्हणाली. "भूकंपानंतर आमच्या गावातबी मोजणारे आले होते. सांगितलं त्यांना घरं मिळाली."

तुमची घरं पडली म्हणून मोजली, केवळाबाईच्या मनात आलं. आमचं काय पडलंय? हे पाडायलाच आलेले दिसतात.

"मग ह्या टोपल्या?"

"बाजारातून आणल्या."

"ही तर अर्धीच विणलेली आहे."

"अर्धीच घेतली. स्वस्त पडली."

आरतीला हसू आवरेना. केवळाबाईला मात्र त्या हसण्याचाही संशय आला. पोरगी शेजारच्या दारात पोचायच्या आत तिनं मागच्या अंगानं निरोप धाडला, कुणी तोंड उघडू नका. बायाबाप्ये शहाणे, सगळे रिकामेच निघाले.

दिवाळीनंतर बांबूनं भरलेला ट्रक पोडासमोरून न थांबता पुढं गेला. मागून गार्ड सायकलवर आला. केवळाबाई त्याला आडवी गेली.

"कुणाचा बांबू?"

"पुढच्या पोडाचा. सरकार विणणाऱ्यांला परवान्यानं देऊन राहिलंय. तुमच्यात विणणारं कुणीच न्हाई म्हणं."

केवळाबाईला आता कळलं. आपल्या एकटीचं नव्हे, अख्ख्या पोडाचं आपण वाटोळं केलं. ज्याच्या भीतीनं हात लपवले त्याच्याच पुढं तिनं ते पसरले. बांबूच्या कामट्यांनी चिरून चिरून बोटांची कातडी राठ झालेली.

"बघ की, दादा. हे रिकामे हात हायेत का?"

गार्डनं नजर चुकवली.

"मला काय दाखवता, मावशी? तुमचा कोयता मीच नेला व्हता. पण मोजणीत तुम्ही रिकाम्याच."