बाजूले काढलेले निरोप

दोन हजार पाचची गोष्ट. माहा लहाना भाऊ गोपाल बारावीत नापास झाला. बाबा रागात म्हणाले, "तोंड दाखवू नको." अन् पोट्टा खरंच निघून गेला. दीड वर्ष काई पत्ता नाई. नालवाडीत आमचं किराणा दुकान. तिथं बाबांपुढं त्याचं नाव काढाची कोणाची हिंमत नोती. माय मात्र रोज रस्त्याकडं पाहे.

शेजारचा नीलेश कॉम्प्युटर क्लास चालवे. त्यानं गोपालचा फोटो टाकून इंटरनेटवर एक पान बनवलं, खाली निरोप लिहाले जागा ठेवली. अन् निरोप कोणते आले? लॉटरी, गोळ्या, गोरं व्हायची क्रीम! प्रत्येकात कोणत्या ना कोणत्या वेबसाइटचा पत्ता. माय आशेनं विचारे, "काय लिहिलं वो?" काय सांगू तिले, कपाळ?

मंग नीलेशनं पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक नियम लिहिला. अक्षरं, टिंब, पुन्हा अक्षरं, मधात जागा नाई, असं दिसलं की तो वेबसाइटचा पत्ता समजाचा अन् निरोप बाजूले काढाचा. पान एकदम साफ झालं.

तरी नीलेश दर रविवारी ते बाजूले काढलेले निरोप वाचत बसे. मी चिडली. "नियम तूच लिहिला ना? मंग काऊन वाचून राह्यला?"

"नियम आंधळा राह्यते, प्रेरणा. फेकाच्या आधी पाहाव लागते."

एका रविवारी सकाळी तो अनवाणीच दुकानात धावत आला. "काकाजी, चाला लवकर! गोपाल!"

त्याच्या क्लासातल्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: माय.मी.गोपाल.सुरतले.आहो.इथं.स्पेसचं.बटन.मोडलं.हाय.बाबा.घरात.घेतीन.तं.येतो.रविवारी.उत्तर.पाहीन

जागेऐवजी टिंबं, म्हणून नियमाले तो सारा निरोप एकच पत्ता वाटला होता. माय तं खालीच बसली. मी बाबांकडं पाह्यलं.

"उत्तर काय लिहू, काकाजी?" नीलेशनं विचारलं.

"सरक," बाबा म्हणाले. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतः लिहिलं, "घरी ये. मी चुकलो. बाबा." अन् तिथंच बसून राह्यले, जेवाले सुद्धा उठले नाई.

संध्याकाळी एकच शब्द आला. "येतो."

बाबा लेकरावानी रडले. मायनं नीलेशचे दोन्ही हात कपाळाले लावले. "बाबू, तू वाचलं नसतं तं माहं लेकरू समजलं असतं, आम्ही त्याले नाईच म्हटलं."