मागची रांग

आमच्या घरात लग्नाच्या फोटोपेक्षा तो फोटो मोठा आहे आणि बैठकीत टीव्हीच्या वर लावलेला आहे. घरात कुणाचं चालतं ते यावरून समजून घ्या. आमच्या शहरातल्या मोठ्या फुटबॉल क्लबने मानाचा कप एकदाच जिंकला आणि त्याच संध्याकाळी मैदानावर अकरा जणांचा फोटो निघाला. पुढे सहा जण बसलेले, सगळे बुटके. मागे पाच जण उभे, सगळे उंच, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकलेले. मागच्या रांगेत बरोबर मधोमध माझा नवरा. त्याला सगळे ताड्या म्हणत आणि लग्नाआधीपासून मीही तेच म्हणते.

क्लब या अकराजणांना दरवर्षी एका रविवारी बोलावतो. चहा, एक लांबलचक भाषण आणि मैदानावर पुन्हा तसाच फोटो. कप्तान भावजींनी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला, की ज्याची जागा त्याची. कुणी आला नाही तर जागा रिकामी राहील, सरकून उभं राहायचं नाही. तेव्हा ती थट्टाच होती. कुणी गैरहजर राहिला की फोटोत भोक पडायचं आणि मग वर्षभर त्याची टिंगल चालायची. हल्ली त्या भोकांवर कुणी हसत नाही.

क्लबने सगळ्यांना एकेक घड्याळ देऊन निरोप दिला. गरज सरो, वैद्य मरो. पण पुढच्या रांगेने आपापलं बस्तान नीट बसवलं. कप्तान भावजी विमा विकतात, समोरच्याचा जीव जाईपर्यंत बोलतात. डाव्या बाजूने वाऱ्यासारखे पळायचे त्या भावजींचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे आणि आता त्यांची ढेरी त्यांच्याआधी दुकानात पोचते. सहाच्या सहा जण ठणठणीत. ठेच लागते ती पुढच्याला आणि शहाणा होतो तो मागचा, असं आपण म्हणतो. आमच्या संघात पुढच्यांना कधी ठेच लागलीच नाही.

मागच्या रांगेतला पाहुणा सगळ्यात आधी गेला. दुसऱ्या क्लबातून आलेला, म्हणून पाहुणा. एका दुपारी तो स्वतःच्या दारात उभा राहून शेजाऱ्याला स्वतःचं घर विचारत होता, आणि त्यानंतर फार टिकला नाही. मग घण. डोक्याने चेंडू असा मारायचा की गोलकीपर बाजूला व्हायचे. तो आता एका आश्रमात असतो, भेटायला आलेल्या बायकोला नर्स समजतो आणि थँक्यू म्हणतो. आणि गेल्या थंडीत खांब. स्कूटर घेऊन दूध आणायला निघाला, गल्लीच्या टोकाची डेअरी सोडून पार हमरस्त्याला लागला आणि उलट्या बाजूने येऊन ट्रकखाली सापडला.

खांब म्हणजे फोटोत ताड्याच्या उजव्या हाताचा. जीव की प्राण. सदा वाकून उभा राहायचा, म्हणून ताड्या दरवर्षी त्याच्यावर खेकसायचा. खांबाच्या कोटाला पोत्याएवढे खिसे होते. फोटोच्या आधी ताड्या आपल्या खिशातलं सगळं काढून त्याच्या हातात द्यायचा, "धर रे, खिसा फुगतो." मी चिडवायचे, की मला कधी पाकिटाला हात लावू देत नाहीस आणि त्याला सगळी तिजोरी देतोस.

आधी मला वाटलं, उंच माणसांचंच काहीतरी असेल. पण मागच्या रांगेत टोकाला गोलकीपर भावजीही आहेत, चौघांपेक्षा उंच. लाकडाच्या वखारीचे हिशेब अजून तोंडी करतात. खांबाच्या तेराव्याला नाही, नंतर एकदा वखारीतच जाऊन मी त्यांना सरळ विचारलं, तुम्हीच कसे सुटलात. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले.

"वहिनी, मी चेंडू हाताने अडवायचो," ते म्हणाले. "तुमच्या आत्ता लक्षात आलंय. माझ्या तर घणाच्या वेळीच आलं होतं. बोललो नाही, एवढंच."

मग मला तो दोर आठवला. सराव संपल्यावर लोखंडी दांड्याला दोराने चेंडू टांगायचे, भिजलेला, जड, आणि हे चौघं उड्या मारून त्याला डोक्याने मारत बसायचे. बाकीचे अंघोळ करून घरी जायचे. ताड्या घरी येऊन हसायचा, "डोक्यात शाळा सुटल्याची घंटा वाजतेय गं." मीही हसायचे. नवऱ्याचा अभिमान वाटायचा मला.

आता हाच ताड्या शाळेची बस चालवतो.

शुक्रवारी संध्याकाळी बसमधल्या मावशी घरी आल्या. ताड्या दळण आणायला गेला होता, ते पाहूनच आल्या असाव्यात. चप्पलही न काढता त्या बोलायला लागल्या.

"ताई, आज मुलांना सोडायला निघालो तर गाडी पुलाकडे वळलीच नाही. सरळ जुन्या मैदानाकडे गेली, क्लबच्या सरावाच्या. तिथं आता गोदामाची भिंत आहे. त्या भिंतीसमोर थांबून दादा हॉर्न देत बसले. मुलांना वाटलं सहल आहे, ती टाळ्या वाजवायला लागली."

"मग?"

"मी खांद्याला हात लावला. तर माझ्याकडे बघून म्हणाले, आज मॅच कुणाशी आहे? मग एकदम भानावर आले, गाडी वळवली, एकेका मुलाला घरी सोडलं. मी शाळेत कळवलं नाही अजून. पण सोमवारी मुलांना त्या गाडीत कोणत्या तोंडाने चढवू?"

मावशी गेल्या. गेले काही महिने मी बघत होते, नाही असं नाही. चहात दोनदा साखर. लेकीला फोनवर माझ्या नणंदेच्या नावाने हाक. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ताड्या दळणाचा डबा घेऊन आत आला तशी मी हात पुढे केला.

"बसची चावी दे."

"का?"

"मावशी येऊन गेल्या."

तो डबा ठेवून हात झटकत राहिला. "रस्ता बंद होता. वळसा घातला."

"भिंतीला हॉर्न देऊन रस्ता उघडतो का? ताड्या, चावी दे."

"अगं, चावी दिली तर माझं काय उरतं?" तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. "टीव्हीच्या वरचा तो फोटो? रविवारचं होऊन जाऊ दे. सगळ्यांना भेटतो, मग ठरवू."

सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे मला विचारायचं होतं. भीती वाटली म्हणून विचारलं नाही. त्या रात्री तो चावी उशीखाली घेऊन झोपला.

शनिवारी मी खांबाच्या बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"स्कूटरची चावी काढून घे, असं माझा भाऊ मला सांगत होता," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे, तेवढाच त्यांचा मान. मान राहिला गं. तुझ्याकडे तर गाडीत लोकांची पोरं आहेत."

रविवारी आम्ही रिक्षाने मैदानावर गेलो. ताड्याने ब्लेझर घातला होता, आणि पँटच्या खिशात चावी, पितळी कडीसकट, मांडीवर फुगलेली दिसत होती. मी ठरवलं होतं, की फोटो झाला की चारचौघांत मागायची. भावजींसमोर तरी तो नाही म्हणणार नाही.

पुढे सहा खुर्च्या भरल्या. मागे टोकाला गोलकीपर भावजी, मग खांबाची रिकामी जागा, मग ताड्या, आणि त्याच्या डावीकडे नुसतं गवत. फोटोग्राफर नवा होता.

"काका, मागचे दोघं जरा जवळ या ना. विचित्र दिसतंय."

"दिसू दे," कप्तान भावजी मान न वळवता म्हणाले.

मी फोटोग्राफरच्या मागे उभी होते. ताड्या छाती काढून ताठ उभा होता, ऐटीत, आणि मला क्षणभर वाटलं, की मीच राईचा पर्वत करतेय. मग त्याने डावा हात उचलला आणि घणाचा खांदा असायचा तिथे, हवेत, ठेवला.

"काका, हात खाली घ्या."

ताड्याने उजव्या हाताने खिसा चाचपला, चावी बाहेर काढली आणि उजवीकडे धरली.

"धर रे," तो म्हणाला. "खिसा फुगतो."

त्याने बोटं सोडली. चावी गवतात पडली. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही, काम झाल्यासारखा पुढे बघायला लागला. पुढच्या रांगेचे सहा चेहरे कॅमेऱ्याकडे हसत होते, त्यांना काही कळलं नाही. गोलकीपर भावजींनी मात्र पाहिलं. ते वाकायला लागले, मी मानेनेच नको म्हटलं.

मी चालत निघाले. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, मध्ये येताय." पुढच्या रांगेला वळसा घालून मी मागे गेले, खांबाच्या जागेत शिरले, वाकून चावी उचलली आणि पर्समध्ये टाकून चेन लावली. मागावीच लागली नाही. त्यापेक्षा ती मागावी लागली असती, त्याने भांडून नाही म्हटलं असतं, तर मी आनंदाने भांडले असते.

मी वाकलेलीच होते, तोच त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला, जड आणि मायेचा.

"सरळ उभा राहा की, खांब्या," तो समोर बघत म्हणाला. "दरवर्षी तुझ्यामुळे फोटो बिघडतो."

मी सरळ उभी राहिले.