तव्यावरचा थेंब

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी जीप ओढ्यात घातली आणि ओढा इंजिनात शिरला. त्यांना विचाराल तर पाणी जेमतेम गुडघ्याएवढं होतं. बॉनेटला चिकटलेलं शेवाळ मात्र वेगळीच साक्ष देत होतं. ओढ्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं, बाईंनी हट्टानं ते पुन्हा सुरू केलं, जीप कशीबशी काठाला लावली, आणि दुपारी एका ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधलेली त्यांची वरात गॅरेजच्या दारात आली.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी ऑइल मोजायची डिपस्टिक ओढून उजेडात धरली. काळंभोर ऑइल असायचं, तिथं दुधट रंगाचं काहीतरी फेसाळ लोंबत होतं.

“चहा झालाय,” मिस्त्री म्हणाले. “डॉक्टरबाई, साखर किती घालू?”

बाईंना हसू आलं नाही. लसींची बर्फपेटी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. घाटापलीकडच्या तीन वस्त्यांत गुरांना साथ लागली होती, पेटीतला बर्फ उद्या दुपारपर्यंतच टिकणार होता, आणि तिथवर चढून जाणारी गाडी ह्या एका जीपखेरीज कोणाकडं नव्हती. “उद्या सकाळी सातला निघाले नाही, तर मग गेले काय नि न गेले काय, सारखंच,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींची मुलगी तोवर रेडिएटरचं झाकण उघडून बघून गाडीखाली शिरलीसुद्धा होती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं होतं. पाच वर्षांची असताना बाबा कुठलाही पाना मागोत, ही चौदा नंबरचाच आणून द्यायची. तेव्हापासून ती सगळ्यांची चौदा झाली. आता पस्तिशी आली, गॅरेजचं निम्मंअधिक काम तिच्या हातावर चालत होतं, तरी चौदा ती चौदाच.

“बाबा, रेडिएटर काठोकाठ आहे!” ती खालून ओरडली. “त्यातलं पाणी उतरलेलं नाही, म्हणजे आत काही फुटलेलं नाही. इंजिन श्वास सोडतं ना, ती नळी निसटून खाली लोंबतेय. तिच्यातूनच ओढा प्यायलाय हा गडी.”

ही बातमी चांगली होती. इंजिन खोलावं लागणार नव्हतं, नुसतं धुऊन काढायचं होतं. खराब ऑइल सोडायचं, नवं भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि पुन्हा सोडायचं, पाणी संपेपर्यंत. पण पाणी संपलं हे कळायचं कसं? उरलेलं चमचाभर पाणी डोळ्यांना दिसत नाही, आणि घाटाच्या चढावर बेअरिंगांची वाट लावायला तेवढं पुरतं.

त्यासाठी मिस्त्रींचा तवा होता. जुना, लोखंडी, काठ झिजलेला. तो विजेच्या शेगडीवर तापवायचा, शेगडी बंद करायची आणि ऑइलचा एक थेंब टाकायचा. चांगलं ऑइल मुकाट्यानं पसरतं. पाणी असलं की तडतडतं. थेंब टाकताना गॅरेजात कोणी ब्र काढायचा नाही, रेडिओ बंद, कॉम्प्रेसर बंद. एकदा एका गिऱ्हाइकाला नेमकी तेव्हाच शिंक आली, तर मिस्त्री त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. ह्या माणसाची सगळी पत त्याच्या कानांवर उभी होती. गाडी वळणावर असतानाच ते तिचा आजार सांगायचे, आणि तेवढ्यासाठी लांबलांबचे ड्रायव्हर वाट वाकडी करून यायचे.

पहिलं ऑइल सोडलं, दुसरं सोडलं. दुसऱ्या खेपेला ते बरंच निवळलेलं दिसत होतं. मिस्त्रींनी हात वर केला. सगळे गप्प झाले. थेंब पडला.

तड.

मग क्षणभरानं, बारीकसं, आणखी एकदा. तड.

मिस्त्री तव्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी समाधानानं मान हलवली. “गेलं पाणी. चौदा, शेवटचं ऑइल भरून टाक. डॉक्टरबाई, सात म्हणजे सात!”

चौदानं ऑइलच्या डब्याला हात लावला नाही. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, ही बाबांची तक्रार वाढली होती. रेडिओही वाढला होता. गिऱ्हाईक बोलू लागलं की ते त्याच्या ओठांकडं बघत. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि त्याकडं काणाडोळा केला होता, कारण बोलायची तिची छाती होत नव्हती. आता बोलावं, तर परक्या बाईसमोर बाबांची शोभा. कान गेलेल्या मिस्त्रीकडं कोण वाट वाकडी करून येणार? न बोलावं, तर ही बाई अर्ध्या चढावर जाम झालेल्या इंजिनात बसून राहणार आणि पलीकडं गुरं मरणार.

“डॉक्टरबाई, पेटी मागच्या खोलीत ठेवा ना, तिथं गार आहे,” ती म्हणाली. बाई आत गेल्या तशी ती वडिलांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. “बाबा, थेंब तडतडला. दोनदा.”

“तुझे कान वाजले असतील.”

“नाही वाजले.”

“चाळीस वर्षं हा तवा ऐकतोय मी. आता तू मला शिकवणार?”

“तुम्हीच शिकवलेलं सांगतेय,” असं म्हणून तिनं भिंतीवरचा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं खडखडणं नेमकं कुठलं ते कळतं. लहानपणी बाबांनी तिला हा खेळ म्हणून शिकवला होता. तिनं टोक तव्याच्या काठाला टेकवलं आणि मूठ त्यांच्यापुढं धरली. “ह्यानं ऐका.”

त्यांनी असं काही डोळे वटारून पाहिलं, की तिला आपण पाच वर्षांचे आहोत आणि पुन्हा चुकीचा पाना घेऊन आलो आहोत असं वाटलं. तरी तिनं हात मागं घेतला नाही. शेवटी तिला खोटं पाडायचं म्हणूनच त्यांनी मूठ हाडाला लावली. तिनं थेंब टाकला.

मिस्त्री दचकले.

“आणखी एक टाक,” ते हळूच म्हणाले. तिनं टाकला. ते स्टुलावर बसले. “कधीपासून कळलंय तुला?”

“मागच्या थंडीपासून.”

“मला त्याच्याही आधीपासून. म्हटलं, चालेल तितके दिवस चालवू. ऐकू येत नाही असा मिस्त्री म्हणजे काय गं? नुसता म्हातारा.”

चौदाला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. “आत्ता ऐकलंत ना? मग?”

“हाडातून ऐकू येत असेल तर आतला कान बहुधा शाबूत आहे,” दारातून आवाज आला. डॉक्टरबाई केव्हाच्या परत आल्या होत्या. त्यांनी तेच वाक्य जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं. “मी गुरांची डॉक्टर, माझ्या भरवशावर राहू नका. पण कानाच्या डॉक्टरला दाखवा. पुष्कळदा उपाय असतो. आमची गुरं निदान ऐकू येत असल्याचं सोंग तरी करत नाहीत.”

मिस्त्री उठले. ही गोष्ट त्यांना किती जड गेली असेल, ते चौदालाच ठाऊक. “डॉक्टरबाई, मघाशी मी चुकलो. पाणी आहे अजून. मला कमी ऐकू येतं. पोरीनं पकडलं नसतं तर तुम्हाला घाटात अडकवलं असतं मी.” कमी ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात, त्यामुळं हे रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यालाही ऐकू गेलं. त्यानं मान वर केली, आणि पुन्हा टायरला ठिगळ लावू लागला. चौदानं ज्या गोष्टीची वर्षभर धास्ती घेतली होती, ती एवढ्यावर आटोपली.

“आता लपलंय कुठं हे पाणी?” मिस्त्री स्वतःशीच बोलत जीपभोवती फिरले. दोनदा वाकले, एकदा नळीवरून बोट फिरवलं. “ऑइल कूलर! ऑइल सोडलं तरी तो काही रिकामा होत नाही. खालची नळी सोड त्याची. नट कितीचा आहे?”

चौदानं वाकून पाहिलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा ती हसली. “चौदाचा.”

“मग बघतेस काय? आण.”

नळी सुटली आणि वाटीभर गढूळ पाणी तिच्या मनगटावरून वाहत गेलं. त्यांनी फिल्टर बदलला, श्वासाची नळी बॉनेटच्या वरपर्यंत नेऊन घट्ट बांधली, आणि पुन्हा ऑइल भरून इंजिन गरम केलं. ते सोडेपर्यंत दिवेलागण झाली होती. तवा तापला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर हाडाला लावला आणि हात वर केला.

“आधी नुसतं पाणी टाक,” ते म्हणाले. तिनं बोट बुडवून शिंपडलं. “हां, ऐकू येतंय. आता ऑइल.”

थेंब पडला, पसरला, बारीक धूर निघाला. मिस्त्री डोळे मिटून उभे होते.

“मला काही ऐकू आलं नाही,” ते डोळे उघडून म्हणाले. “तुला?”

“मलाही नाही, बाबा.”

“मग भर ऑइल,” मिस्त्री म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर पुसून तो भिंतीवर न टांगता त्यांनी आपल्या खिशात खोचला.