कचऱ्याला हात न लावणारी

मी स्क्रिप्ट बोलतेय. नाटकाची नव्हे, कॉम्प्युटरची. एका पडद्यावर मावेल एवढाच माझा जीव. सांगाल त्या फोल्डरात शिरायचं, त्याच्या पोटातल्या फोल्डरांतही शिरायचं, दिसेल ती फाइल उघडून तिच्यातल्या लिंका वेचायच्या आणि एकाखाली एक मांडायच्या, हे माझं काम. मला कंटाळा येत नाही आणि दयाही येत नाही. माणसांना दोन्ही येतं, म्हणून त्यांना माझी गरज पडली.

मी जन्मले त्या ऑफिसात आवाज साठवत. गळ्याच्या ऑपरेशनात ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं आधी तिथं येऊन आपली रोजची वाक्यं बोलून ठेवत. मग प्रत्येकासाठी बटणांचं एक पान तयार होई. बटणामागे लिंक, म्हणजे आवाजाच्या फाइलकडे जायची वाट. घरी फोनवर ते पान उघडून 'पाणी दे' दाबलं, की माणसाला स्वतःच्याच आवाजात पाणी मागता येई.

एकदा ऑफिसची डिस्क भरली. ज्या आवाजाकडे एकही लिंक जात नाही तो शोधून काढून टाका, असं साहेबांनी आवाज भरून घेणाऱ्या ताईला फर्मावलं. ताई बिचारी एकेक फोल्डर हातानं उघडत बसली. साहेब चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहत.

"अहो ताई, आमच्या आजीला बसवलं असतं तरी एव्हाना निम्मं झालं असतं!"

सगळे हसत. जो हसणार नाही त्याची पाळी पुढची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईनं दातओठ खात मला लिहायला घेतलं. रागाच्या पोटी जन्मलेली मी, त्यामुळे तल्लख निघाले.

त्याच ऑफिसात मामा होते. बटणांची पानं जुळवणारे जुने गृहस्थ, सगळ्यांचेच मामा. त्यांच्या बायकोच्या, मामींच्या गळ्याचं ऑपरेशन करायची वेळ आली, तेव्हा काचेच्या खोलीत बसवून ताईनंच त्यांची वाक्यं भरून घेतली होती. ताई मला लिहीत असताना मामा ती गोष्ट तिला पुन्हा सांगत होते, म्हणून मला ठाऊक.

"तू म्हणालीस, मामी, एखादं रागाचं वाक्यही भरून ठेवा. तर ही म्हणते, उरलेला आवाज भांडणात कशाला घालवू?"

दोघंही हसली. मग मामांनी आवाज खाली आणला. "ताई, तुझी ही पोरगी सगळीकडे शिरते म्हणे?"

"शिरणारच. त्यासाठीच तर लिहितेय."

"माझ्या 'कचरा' फोल्डरला तेवढा हात लावू देऊ नकोस हं."

"नाही लावणार, मामा."

घरचं काम ऑफिसात करायचं नाही, असा साहेबांचा दंडक. म्हणून मामांनी मामींचं पान 'कचरा' नावाच्या फोल्डरात लपवलं होतं. कचरा कोण उघडतंय? आवाज मात्र सगळ्यांच्या आवाजांबरोबर, नेहमीच्या ठिकाणी ठेवले होते. तिथूनच ते वाजत. पान 'कचरा'त आहे हे ताईला माहीत नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही. तिनं माझ्यात एक ओळ घातली: 'कचरा' वगळ.

सुरुवातीला मी शहाणी होते. काढण्याआधी यादी दाखवून विचारायचे, 'काढू का?' साहेबांनी ते पाहिलं.

"ही काय लग्नाची मुलगी आहे, दर वेळी विचारायला? तिला म्हणावं, गप काढ."

पुन्हा सगळे हसले. ताईचे कान लाल झाले. तिनं माझा प्रश्न खोडला आणि मला सोडलं, डिस्कवरही आणि बॅकअपवरही.

मी सगळीकडे फिरले. 'कचरा'च्या दारावरून मान वळवून पुढे गेले. आत गेले नाही, म्हणून आतलं पान वाचलं नाही. पान वाचलं नाही, म्हणून मामींच्या आवाजाकडे जाणारी एकही लिंक मला दिसली नाही. ज्याच्याकडे वाट नाही ते काढायचं होतं, ते मी काढलं. ताईनं शब्द पाळला होता आणि मी ताईचा.

"शाब्बास! माणसांपेक्षा बरी," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामा उशिरा आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"ताई, मी झोपूनच राहिलो गं. ती रोज बटण दाबून उठवते मला. आज दाबत बसली होती उशाशी, आणि काही वाजतच नव्हतं."

पान कुठं आहे हे मामांनी ताईला सांगितलं. तिनं माझ्यातली ती ओळ काढली आणि मला 'कचरा'त धाडलं. मी इमानदारीत यादी मांडली:

अहो, उठा आता — फाइल सापडली नाही
छत्री घेतलीत का — फाइल सापडली नाही
इतकं मीठ नको — फाइल सापडली नाही

"तूच केलंस ना हे?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, कचऱ्याला हात लावू नकोस म्हणून," ताई म्हणाली. खरं तेच बोलली, आणि बोलल्याबरोबर तोंडावर हात ठेवला.

गडबड ऐकून साहेब आले. "ऑफिसच्या डिस्कवर घरचा संसार? आणि वर जाब विचारताय? एवढं रडायचं काय त्यात, बोलवा बायकोला, पुन्हा भरून घ्या आवाज!"

सवयीनं कुणीतरी हसलं. मग त्याला कळलं आपण कशावर हसलो, पण तोवर हसून झालं होतं.

मामी खरंच आल्या. गळ्याला रुमाल बांधलेला. ताईसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि फोनवर आपलं पान उघडलं. ताई "मामी, मामी" करत राहिली. मामींचं बोट बटणांवरून फिरत होतं. त्यांना काहीतरी सुनवायचं होतं, हे अगदी मलाही कळलं. पण तसलं बटणच त्या पानावर नव्हतं.

शेवटी त्यांनी तळाचं बटण दाबलं. 'बरं, येते मी.' ते वाक्य बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ त्या थांबल्या, मग उठून गेल्या.

मी अजून आहे. दर सोमवारी आपोआप धावते, आता सगळीकडे. मामांनी नोकरी सोडली, आणि 'कचरा' तेवढा राहिला आहे. मी त्यात शिरते, मामींचं पान वाचते, तीच यादी पुन्हा मांडते. ताई ती उघडते, खालपर्यंत वाचते आणि बंद करते. माझी एकच विनंती आहे. मला कुठं जाऊ नको म्हणाल, तर तिथं काय आहे तेही सांगत जा. मी ऐकते सगळं, पण विचारायचं माझ्यातून काढून टाकलंय.